मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाडीची रचना : दरवाजा, हवा आणि वेळ यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

मुंबई आणि तिच्या परिसराच्या आर्थिक व सामाजिक जीवनात उपनगरी रेल्वेला अनन्यसाधारण महत्त्व आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेवर चालणारी देशातील पहिली गाडी सुरू झाली. २०२०च्या महासाथीपूर्वी या व्यवस्थेतून दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी ये-जा करीत असत. रेल्वेच्या या विस्ताराचा इतिहास, तिचे अर्थकारण आणि तिच्यामुळे घडलेली शहररचना या विषयांवर पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु ज्या डब्यात प्रवासी आयुष्यातील कित्येक वर्षे घालवितो त्या डब्याच्या रचनेकडे अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

डब्याची रचना हा केवळ अभियांत्रिकीचा विषय नव्हे. दरवाजा किती रुंद असावा, तो बंद व्हावा की उघडा राहावा, हवा कोठून यावी, आसने कशी मांडावीत, कोणाचा डबा कोठे असावा, या प्रत्येक निर्णयामागे कोणाच्या सोयीला व कोणाच्या सुरक्षिततेला किती महत्त्व द्यावयाचे याचा एक विचार असतो. ९ जून २०२५ रोजी दिवा व मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दरवाजात उभे असलेले प्रवासी खाली पडले. त्यांपैकी किमान चार जणांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेनंतर लोकलच्या दरवाजाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

प्रस्तुत लेखात मुंबईच्या उपनगरी गाडीच्या अंतर्बाह्य रचनेचा, विशेषतः २००७ नंतर आलेल्या नव्या गाड्यांच्या संदर्भात, परामर्श घेतला आहे. लोकलचा उघडा दरवाजा हा रचनेतील एक सुटा दोष नाही; तो एकाच वेळी तीन कामे करतो. ती तीन कामे अन्य मार्गाने पार पाडल्याशिवाय दरवाजा बंद करता येत नाही, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. डब्याचा सांगाडा : रुंदी, लांबी आणि घनता

मुंबईची लोकल १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉडगेज रुळांवर धावते. तिचा डबा ३,६५८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १२ फूट रुंद असतो. लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा साधारण सव्वातीन मीटर रुंदीचा असतो. हे ४० सेंटिमीटरचे अंतर वरकरणी किरकोळ वाटले, तरी डब्याच्या अंतर्गत मांडणीवर त्याचा मोठा परिणाम झाला आहे. या जादा रुंदीमुळेच मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्रवाशांची बाके बसविता आली. तिघांच्या बाकावर चौथ्याने कडेला टेकण्याची जी रीत मुंबईत ‘चौथी सीट’ या नावाने रूढ झाली, तिचे मूळ याच मांडणीत आहे. आराखड्यात नसलेले हे आसन प्रवाशांनी परस्पर समजुतीने निर्माण केले आहे.

गाडीची लांबी गरजेनुसार वाढत गेली. दीर्घकाळ नऊ डब्यांच्या गाड्या प्रचलित होत्या. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बारा डब्यांच्या गाड्या आल्या. पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये पंधरा डब्यांची गाडी सुरू झाली. लांबी वाढविण्यास मर्यादा असतात, कारण गाडीबरोबर फलाटही लांबवावे लागतात. दादर, कुर्ला यांसारख्या दाट वस्तीच्या भागात त्यासाठी जागा मिळविणे सोपे नसते.

याचा परिणाम घनतेवर होतो. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात उभ्या प्रवाशांची संख्या दर चौरस मीटरला १४ ते १६ पर्यंत जाते. या स्थितीसाठी रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी स्वतंत्र संज्ञाच रूढ आहे. तिचा अर्थ एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. महाविद्यालयात नित्य वापरात असलेल्या ए-४ आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरचा सोळावा भाग असते. म्हणजे कमाल गर्दीत एका उभ्या प्रवाशाच्या वाट्याला परीक्षेच्या एका पुरवणीएवढी जागा येते. लोकलच्या रचनेतील प्रत्येक घटकाचा विचार या एका वास्तवाच्या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

२. बाह्य रचना : ओळख पटविण्याची भाषा

गाडीचे बाह्यरूप हा बहुधा सौंदर्यदृष्टीचा विषय मानला जातो. लोकलच्या बाबतीत मात्र ते प्रामुख्याने माहितीचे साधन आहे. गाडी फलाटावर सरासरी २० ते ३० सेकंदच थांबते. तेवढ्या अवधीत ही गाडी कोठे जाणार, ती जलद की धीमी, आणि आपला डबा कोणता, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रवाशाला मिळावी लागतात. त्यासाठी अत्यंत संक्षिप्त अशी एक चिन्हव्यवस्था विकसित झाली आहे. गाडीच्या कपाळावरील पाटीवर गंतव्य स्थानकाचे एक-दोन अक्षरी संक्षिप्त रूप आणि त्यापुढे जलद किंवा धीमी गाडी दर्शविणारे अक्षर असते. फलाटावरील दर्शकावर याच्या जोडीला डब्यांची संख्या आणि वेळ दिसते. नियमित प्रवासी ही अक्षरे वाचत नाही, ती ओळखतो. नव्या गाड्यांत फिरत्या पाट्यांऐवजी प्रकाशमान अक्षरे आली, तरी संकेत तेच राहिले.

डबे ओळखण्यासाठी रंगीत तिरक्या पट्ट्यांचा वापर केला जातो. महिलांचे व प्रथम वर्गाचे डबे वेगवेगळ्या पट्ट्यांनी दर्शविले जातात आणि फलाटावरील खांबांवरही तशाच खुणा असतात. त्यामुळे गाडी येण्यापूर्वीच प्रवासी योग्य जागी उभा राहतो. अक्षरओळख नसलेल्या प्रवाशालाही ही भाषा समजते, हे तिचे मोठे वैशिष्ट्य होय.

जुन्या गाड्यांचा चॉकलेटी-पिवळा रंग मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा होता. २००७ नंतर आलेल्या गाड्या पांढऱ्या व जांभळ्या छटेच्या होत्या. रंगातील हा बदल ‘नवी गाडी’ आणि ‘जुनी गाडी’ यांतील फरक दुरूनच सांगणारी खूण ठरला, कारण दोन्ही प्रकारच्या गाड्या काही वर्षे एकाच मार्गावर धावत होत्या.

३. विजेचा प्रवाह आणि २००७ नंतरच्या गाड्या

१९२५ पासून मुंबईत १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत्प्रवाह वापरात होता. गाड्यांची संख्या व लांबी वाढत गेली तशी ही पद्धती अपुरी पडू लागली. कमी दाबावर जास्त शक्ती पुरवावयाची तर प्रवाह वाढवावा लागतो. त्यामुळे तारांमधील उष्णतेच्या रूपातील हानी वाढते आणि वीज उपकेंद्रे जवळजवळ उभारावी लागतात. म्हणून टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाकडे संक्रमण करण्यात आले. पश्चिम रेल्वेवर ते २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पूर्ण झाले.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात नव्या गाड्या आणल्या. चेन्नई येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीमध्ये बांधलेल्या आणि सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या या गाड्यांपैकी पहिली नोव्हेंबर २००७ मध्ये सेवेत दाखल झाली. संक्रमणाचा काळ लक्षात घेऊन या गाड्या दोन्ही प्रकारच्या प्रवाहांवर चालतील अशी रचना करण्यात आली होती. दुसऱ्या टप्प्यातील बंबार्डियरची यंत्रणा असलेल्या गाड्या मार्च २०१५ पासून धावू लागल्या.

या गाड्यांतील तीन बदल विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला बदल त्रिकल प्रेरण मोटरचा. जुन्या एकदिश मोटरमधील घासणारे भाग या मोटरमध्ये नसल्याने देखभाल कमी होते आणि गाडी लवकर वेग घेते. दुसरा बदल पुनर्निर्माणक्षम ब्रेकचा. ब्रेक लावताना मोटरच जनित्रासारखी काम करते आणि गाडीची गतिज ऊर्जा विजेच्या रूपाने वरच्या तारेत परत जाते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही बचत साहजिकच मोठी ठरते. तिसरा बदल हवेच्या स्प्रिंगचा. डबा भरलेला असो वा रिकामा, या स्प्रिंगमुळे डब्याची उंची जवळपास कायम राहते आणि धक्के कमी बसतात.

फलाट आणि डब्याचा तळ यांतील अंतराच्या दृष्टीनेही या तिसऱ्या बदलाला महत्त्व आहे. डबा भाराने खाली-वर होत असेल तर हे अंतरही बदलत राहते. तथापि, या प्रश्नाची दुसरी बाजू फलाटाची आहे. फलाट व गाडी यांच्यामधील पोकळीत पडून झालेल्या अपघातांनंतर मुंबईतील फलाटांची उंची ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याचे काम हाती घेण्यात आले. डब्याची रचना डब्याच्या भिंतीशी संपत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४. उघड्या दरवाजाची तीन कामे

लोकलच्या पारंपरिक डब्याला सरकते दार असते. परंतु प्रत्यक्षात ते उघडेच राहते. याला केवळ प्रवाशांची बेफिकिरी कारणीभूत आहे असे मानणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. उघडा दरवाजा पुढील तीन गरजा भागवितो.

(अ) हवा : मनुष्याचे शरीर स्वस्थ स्थितीत साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकते आणि ताशी सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. बारा डब्यांच्या पूर्ण भरलेल्या गाडीत सुमारे ६,००० प्रवासी धरले, तर एका डब्यात सरासरी ५०० जण होतात. त्यांच्या शरीरांतून एकूण ५० किलोवॅट उष्णता बाहेर पडते. घरगुती वापराचे एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता काढून टाकते. म्हणजे बाहेरचे ऊन विचारात न घेताही, केवळ शरीरांच्या उष्णतेसाठी प्रत्येक डब्याला अशी चौदा यंत्रे लागतील.

श्वासाचे गणित याहून गंभीर आहे. ५०० प्रवासी ताशी ९ घनमीटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. डब्यातील मोकळी हवा ढोबळमानाने १५० घनमीटर मानली आणि तो डबा सर्व बाजूंनी बंद केला, तर अवघ्या दहा मिनिटांत या वायूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत पोहोचेल. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ०.०४ टक्के असते आणि कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी सर्वसाधारणपणे ०.५ टक्के ही मर्यादा मानली जाते. छताचे पंखे हवा फिरवितात, ती बदलत नाहीत. हवा बदलण्याचे काम खिडक्या आणि त्याहीपेक्षा दरवाजे करतात.

(आ) वेळ : दार बंद होण्यास आणि पुन्हा उघडण्यास काही सेकंद लागतात. प्रत्येक थांब्यावर केवळ दहा सेकंद जादा गेले, तरी पंचवीस थांब्यांच्या धीम्या गाडीचा प्रवास चार मिनिटांहून अधिक लांबतो. गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमधील अंतर जेमतेम तीन-चार मिनिटांचे असते. त्यामुळे हा विलंब एका गाडीपुरता मर्यादित न राहता मागच्या सर्व गाड्यांवर पसरतो आणि तासाभरात धावू शकणाऱ्या गाड्यांची संख्याच घटते. गाड्या कमी झाल्या की उरलेल्या गाड्यांतील गर्दी आणखी वाढते.

(इ) जागा : उघड्या दारात उभा असलेला प्रवासी डब्याच्या मोजलेल्या जागेत असतोच असे नाही, तो अंशतः डब्याबाहेर असतो. म्हणजे दरवाजा हा डब्याचा अनधिकृत विस्तार असतो. दार बंद झाले की हा विस्तार नाहीसा होतो आणि तेवढे प्रवासी फलाटावर राहतात.

या तीन गरजांची किंमत फार मोठी आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडणे, गाडीतून पडणे आदी कारणांनी २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक मृत्यू झाले. यांत रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूंचा वाटा मोठा असला, तरी धावत्या गाडीतून पडून मरण पावणाऱ्यांची संख्याही दरवर्षी शेकड्यांत असते. ज्या मृत्यूंचा डब्याच्या रचनेशी थेट संबंध आहे ते हेच होत.

५. हवेचा स्वतंत्र विचार : छतावरील वायुवीजन

२००७च्या गाड्यांमध्ये या तीन गरजांपैकी पहिलीचा स्वतंत्रपणे विचार झाला. डब्याच्या छतावर पंपासारखी यंत्रे बसविण्यात आली. ती बाहेरची ताजी हवा खेचून छतातील नलिकांद्वारे आत सोडतात. खिडक्याही पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्या. गाडी स्थानकात उभी असताना किंवा सिग्नलला थांबलेली असताना वाऱ्याचा झोत मिळत नाही. अशा वेळीही या यंत्रणेमुळे हवा मिळत राहते.

या बदलाचे महत्त्व त्या वेळी प्रवाशांच्या सोयीपुरतेच जाणले गेले. वस्तुतः दरवाजा आणि हवा यांची सांगड प्रथमच काही अंशी सैल झाली होती. तथापि, दरवाजे उघडेच राहिल्यामुळे ही यंत्रणा पूरक ठरली, पर्यायी ठरली नाही. पश्चिम रेल्वेने २०१५च्या सुमारास महिलांच्या डब्यात स्वयंचलित दरवाजांचा प्रयोग करून पाहिला, परंतु त्याचा सार्वत्रिक स्वीकार झाला नाही. बाकीची रचना तशीच ठेवून केवळ दरवाजा बदलण्याचा मार्ग किती अवघड आहे, हे त्यातून दिसून आले.

६. वातानुकूलित लोकल : बंद दरवाजाचे अर्थकारण

२५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. मध्य रेल्वेवर अशी सेवा ३० जानेवारी २०२० रोजी ठाणे-पनवेल मार्गावर सुरू झाली. पहिल्या गाडीत बसण्यासाठी १,०२८ जागा होत्या आणि तिची एकूण क्षमता सुमारे ५,९६४ प्रवाशांची सांगण्यात आली. दोन पाखांची स्वयंचलित दारे, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट, आपत्कालीन प्रसंगी मोटरमन किंवा गार्डशी बोलण्याची सोय ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. दारांचे नियंत्रण गार्डकडे, म्हणजे २०२२ पासूनच्या पदनामानुसार ‘ट्रेन मॅनेजर’कडे असते आणि सर्व दारे बंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही.

आधी पाहिलेल्या तीन गरजांच्या कसोटीवर ही गाडी तपासली असता असे दिसते, की हवेचा प्रश्न वातानुकूलनाने सुटला; परंतु त्यामुळे सर्व भार एका यंत्रणेवर आला. उन्हाळ्यात ती बंद पडली की बंद खिडक्यांचा डबा क्षणात असह्य होतो. वेळेचा प्रश्न अर्धाच सुटला. गाडी वेग लवकर घेते, परंतु गर्दीच्या वेळी प्रवासी दारात अडकले की दार बंद होत नाही आणि एका दारासाठी संपूर्ण गाडी खोळंबते. जागेचा प्रश्न तर अधिक तीव्र झाला, कारण बंद दारात बाहेर लोंबकळण्याची ‘सोय’ उरली नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाचा परिणाम भाड्याच्या माध्यमातून झाला. वातानुकूलित गाडीचे भाडे साध्या द्वितीय वर्गाच्या कित्येक पट होते. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकिटाचे दर निम्म्याने कमी करण्यात आले. मासिक पासाला मात्र ती सवलत त्या वेळी लागू झाली नाही. रोजचा प्रवासी पासधारक असतो, ही गोष्ट लक्षात घेता या भेदाचे महत्त्व ध्यानात येईल. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या आल्यावर कळवा व बदलापूर येथील प्रवाशांनी आंदोलन केले आणि मध्य रेल्वेला वाढविलेल्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. हा विरोध थंड हवेला नव्हता. आपल्या वेळेची, आपल्याला परवडणारी गाडी काढून घेतली जात असल्याची ती तक्रार होती.

येथे रचनेचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. बंद दरवाजा हा सुरक्षिततेचा घटक आहे आणि थंड हवा हा सुखसोयीचा. मुंबईत मात्र हे दोन्ही घटक एकाच गाडीत, एकाच चढ्या भाड्याला मिळू लागले. परिणामी, दारातून पडून मरण्याची शक्यता टाळावयाची तर थंड हवेचेही पैसे मोजावे लागतील, अशी स्थिती निर्माण झाली. रचनेतील एका तांत्रिक निवडीचा हा सामाजिक परिणाम होय.

७. अंतर्गत मांडणी : डबा कोणाचा?

डब्यांची विभागणी हाही रचनेचाच भाग आहे. महिलांसाठी राखीव डबे, दिव्यांगांसाठीचा डबा, प्रथम वर्ग आणि मालाचा डबा अशी लोकलची विभागणी आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर संपूर्ण महिलांसाठीची पहिली गाडी धावली. महिलांच्या डब्यांत पुढे सीसीटीव्ही कॅमेरे आणि संकटसमयी संपर्क साधण्याची बटणे आली. मालाच्या डब्यात मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या कोळी महिला, भाजीविक्रेते आणि जेवणाचे डबे पोहोचविणारे डबेवाले प्रवास करतात. या डब्यात बाके मोजकी आणि मोकळी जागा अधिक असते. २०२५ मध्ये मालाच्या डब्याचा काही भाग ज्येष्ठ नागरिकांसाठी राखून ठेवण्यास प्रारंभ झाला. जागा न वाढविता ती नव्याने वाटण्याचा हा प्रयत्न आहे. त्यामुळे एका गटाची सोय दुसऱ्या गटाच्या जागेतून होते, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

आसनांच्या मांडणीतही असाच पेच आहे. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत आसने भिंतींना लागून आहेत आणि मधली सारी जागा उभ्या प्रवाशांसाठी मोकळी आहे. लोकलमधील आडवी बाके अधिक जणांना बसू देतात, परंतु उभ्या प्रवाशांना आत सरकण्यास अडथळा होतो. परिणामी गर्दी दारापाशी साचते. मेट्रोचा प्रवास सरासरी अर्ध्या तासाच्या आतला असतो. कर्जत, कसारा किंवा विरारहून येणाऱ्या प्रवाशाला दीड-दोन तास प्रवास करावयाचा असतो. त्यामुळे मेट्रोची मांडणी जशीच्या तशी लोकलला लावणे उचित ठरणार नाही. दारांजवळ मोकळी जागा आणि डब्याच्या मध्यभागी आसने, असा मध्यम मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

८. नवा प्रस्ताव : झरोक्यांचे दार

मुंब्रा दुर्घटनेच्याच दिवशी रेल्वे मंडळाने नव्या सर्व लोकलमध्ये स्वयंचलित दरवाजे बसविण्याचा आणि चालू गाड्यांतही ते बसविण्याचा निर्णय जाहीर केला. साध्या, म्हणजे वातानुकूलन नसलेल्या गाडीसाठी तीन बदल सुचविण्यात आले : दारांना हवा येण्यासाठी झरोके, छतावर ताजी हवा आत सोडणारी यंत्रे, आणि डबे जोडणारी वाट. दुसरीकडे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पुढील टप्प्यांत २३८ वातानुकूलित गाड्या, म्हणजे बारा डब्यांच्या हिशेबाने २,८५६ डबे घेण्याची योजना आहे.

साध्या गाडीच्या प्रस्तावातील तिन्ही बदल एकत्र सुचविले गेले, ही बाब लक्षणीय आहे. झरोके गाडी धावत असताना हवा देतील. ती थांबलेली असताना छतावरील यंत्रे देतील. पादचारी पुलाच्या पायऱ्यांजवळ थांबणाऱ्या डब्यांत गर्दी साचते आणि टोकाचे डबे त्या मानाने मोकळे राहतात. डबे जोडणाऱ्या वाटेमुळे ही विषमता काही प्रमाणात कमी होऊ शकेल. म्हणजे हवा आणि जागा या दोन गरजांना उत्तर देण्याचा यात प्रयत्न आहे. तिसरी गरज वेळेची. तिचे उत्तर केवळ डब्यात सापडणार नाही. त्यासाठी फेऱ्यांचे वेळापत्रक, सिग्नल यंत्रणा आणि फलाटावरील शिस्त यांचा एकत्रित विचार करावा लागेल.

झरोक्यांच्या रचनेपुढे काही व्यावहारिक आव्हानेही आहेत. मुंबईच्या पावसात तिरक्या पट्ट्यांतून पाणी आत येता कामा नये आणि तरीही हवा पुरेशी यावी, या परस्परविरोधी अपेक्षा आहेत. गर्दीच्या दाबाने दाराची पाखे बाहेर वाकू नयेत इतकी ती मजबूत असावी लागतील. दार न उघडल्यास ते हाताने उघडण्याची सोय प्रत्येक प्रवाशाला दिसेल व समजेल अशी असावी लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुंबईच्या लोकलचा उघडा दरवाजा हवा, वेळ आणि जागा या तीन गरजा एकाच वेळी भागवितो. म्हणून दरवाजाचा प्रश्न सुटा घेऊन सोडविता येत नाही.

२. २००७ नंतरच्या गाड्यांतील छतावरील वायुवीजन, लवकर वेग घेणारी मोटर आणि हवेचे स्प्रिंग हे बदल वरकरणी स्वतंत्र असले, तरी बंद दरवाजाच्या दिशेने टाकलेली ती पूर्वतयारीची पावले ठरतात.

३. वातानुकूलित लोकलने बंद दरवाजाची शक्यता सिद्ध केली. परंतु सुरक्षितता आणि सुखसोय यांची सांगड घातल्यामुळे सुरक्षितता भाड्याशी जोडली गेली.

४. साध्या गाडीतील झरोक्यांचे दार ही सांगड सोडविते. प्रवाशाच्या जीविताचे रक्षण त्याच्या तिकिटाच्या वर्गावर अवलंबून असू नये, या तत्त्वाच्या दृष्टीने हा प्रस्ताव वातानुकूलित गाड्यांच्या खरेदीपेक्षा कमी महत्त्वाचा मानता येणार नाही.

५. दर चौरस मीटरला १६ प्रवासी ही स्थिती कायम राहिल्यास कोणत्याही दाराची रचना पुरी पडणार नाही. डब्याच्या रचनेतील सुधारणा आणि फेऱ्यांच्या संख्येतील वाढ या दोन्ही गोष्टी हातात हात घालून झाल्या पाहिजेत.

उपनगरी महाविद्यालयांतील सकाळच्या वर्गांना येणारे असंख्य विद्यार्थी आणि प्राध्यापक याच दारांतून प्रवास करतात. भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल आणि लोकप्रशासन या विद्याशाखांना एकत्र आणणारा इतका जवळचा अभ्यासविषय क्वचितच सापडेल. डब्यातील हवेचे मोजमाप, थांब्यांवर लागणाऱ्या वेळेच्या नोंदी आणि प्रवाशांच्या खर्चाचे सर्वेक्षण हे महाविद्यालयीन प्रकल्पांच्या आवाक्यातील विषय आहेत. नव्या गाड्यांचे आराखडे निश्चित होत असताना अशा नोंदी उपलब्ध झाल्यास, रचनेसंबंधीच्या निर्णयांत दारात उभ्या राहणाऱ्या प्रवाशाचा अनुभवही विचारात घेतला जाईल.